बाबांचा जुना कॉम्प्युटर आणि कृतिदेवचे अभंग

फोंडा, गोवा
जानेवारी 2026

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी वाळपईला जाऊन तुझ्या बाबांचा कॉम्प्युटर पाहून आलो. विंडोज ठेवायचं की लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, घालायचं, असं तू फोनवर विचारलं होतंस. माझं मत लिनक्स. फक्त खरी मेख प्रोसेसरमध्ये नाही, बाबांच्या अभंगांच्या फाइलींत आहे.

आधी मशीनचं सांगतो. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, मूळचीच हार्ड डिस्क आणि वर विंडोज 10. चालू केल्यावर तुझ्या आईचा चहा होऊन पिऊनही झाला, तरी डिस्कचा दिवा पेटलेलाच. कॅबिनेट उघडून रॅमच्या पट्ट्या खोडरबरने घासल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांच्यावर काय साचतं ते तुला वेगळं सांगायला नको.

विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. वाढीव मुदत घेतली तरी ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासूनचा. ही तपासणी चुकवून 11 घालून देणारे आहेत, पण 4 जीबीवर ते रांगणारच, आणि पुढचे अपडेट मिळण्याची हमी नाही. बाबा त्याच मशीनवर बँकेचं खातं बघतात, वीजबिल भरतात. मला तो धोका पटत नाही.

म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालवून पाहिली. अशी बघताना डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चाललं. प्रिंटर एचपीचा आहे हे नशीब, काही जुन्या लेझर प्रिंटरांनी लिनक्सवर लोकांना रडवलंय. खाली स्टार्टसारखाच मेनू, त्यामुळे बाबा फारसे बिचकले नाहीत.

मग त्यांनी अभंगांची फाइल उघडायला लावली आणि पडद्यावर 'राम'च्या जागी इंग्रजी जे, के, ई! बाबांचं तोंड बघवेना. बाबा टाइप करतात त्या कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये जे म्हणजे र, के म्हणजे काना आणि ई म्हणजे म. फाइलीत असतात ती इंग्रजी अक्षरंच, मराठी रूप फाँट चढवतो. विंडोजमधल्या फाँट्स फोल्डरातून कृतिदेव उचलून मिंटमध्ये टाकला आणि लिब्रेऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं) पुन्हा उघडलं, तर सगळे अभंग जागेवर. ओळी मात्र थोड्या सरकल्या, दोन-तीन अभंगांचं शेवटचं चरण पुढच्या पानावर गेलं. बाबा म्हणाले, "ते मी करीन सारखं."

टायपिंगही चालतं, कारण कळा त्याच. पण काही जोडाक्षरं ते ऑल्ट दाबून आकडे मारून काढतात आणि ती युक्ती लिनक्सवर चालत नाही. त्यावर उपाय म्हणून त्या मोजक्या अक्षरांना लिब्रेऑफिसच्या ऑटोकरेक्टमध्ये (टाइप केलेलं आपोआप बदलणारी सोय) छोटे संकेत लावून देतो, कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवू. नवीन मजकूर तरी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असा, करा, असं सुचवून पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की विषय तिथेच संपला. बोटांना इतक्या वर्षांची सवय आहे, मीही ताणलं नाही.

दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर नकोत. चालू करताना रोज कोणतं निवडायचं, हा ताप त्यांना कशाला? जुनी डिस्क विंडोजसकट काढून डब्यात ठेवू आणि नव्या एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, मिंट घालू. नाहीच जमलं तर जुनी परत लावायला कितीसा वेळ लागतो! खरं तर वेगाचा निम्मा प्रश्न एसएसडीनेच सुटेल, सिस्टिम कुठलीही असो.

तुझा भाऊ दुकानाच्या हिशेबाची टॅली त्याच मशीनवर घालायचं म्हणत होता. त्याला सांग, टॅली विंडोजसाठीच आहे, तिच्यासाठी वेगळा, बऱ्यापैकी नवा सेकंडहँड बघ. बाबांच्या मशीनला हात लावू नकोस.

तू पुण्याहून काही पाठवू नकोस, 240 जीबीची साटा एसएसडी मी म्हापशाला घेतो. पैसे शिगम्याला येशील तेव्हा दे. तोवर भावाला अभंगांचं फोल्डर आणि फाँट एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायला सांग, ते हातात आल्याशिवाय मी स्क्रू खोलणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
फोंड्याचा मित्र