पंचगंगेची पातळी रोज कळते, कोल्हापूरची कधी कळणार?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : पुरात शहरातील कोणती सुविधा केव्हा बंद पडते, याचे दरवर्षी मोजमाप करून ते जाहीर करण्याबाबत.

महोदय,

जुलैत पावसाने जोर धरला की कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न असतो, “राजारामला किती फूट?” राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हेही तासाभरात गल्लोगल्ली पोहोचते. नदी आपण इतक्या बारकाईने मोजतो. मात्र ती त्या पातळीला पोहोचल्यावर शहरातले काय चालू राहील आणि काय बंद पडेल, हे सांगणारा आकडा आमच्यासमोर येत नाही.

ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली. चहूकडे पाणी असलेल्या शहरात घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत, त्या रांगेत मीही होतो. पूर ओसरला तरी नळ लगेच सुरू झाले नाहीत, कारण बुडालेल्या मोटारी बाहेर काढून, वाळवून, दुरुस्त करून पुन्हा बसवाव्या लागतात. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद झाल्याने बाहेरची मदतही अडून राहिली. जुलै २०२१मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेले आणि शहराला पाणी पुरवणारे शिंगणापूरचे उपसा केंद्र पुन्हा बुडाले. पहिल्या वेळी अंदाज चुकला असे म्हणता येईल, पण दुसऱ्या वेळचे अजूनही मनाला लागून राहिले आहे.

म्हणून माझी मागणी पंपांच्या किंवा भिंतींच्या आधी मोजमापाची आहे. प्रत्येक उपसा केंद्र, वीज उपकेंद्र, रुग्णालय, पूल आणि मुख्य रस्ता राजारामच्या किती फुटांना निकामी होतो, त्यावर किती कुटुंबे अवलंबून आहेत, तो बंद पडल्यावर आणखी काय बंद पडते आणि पूर्ववत व्हायला किती तास लागतात, या चार गोष्टी नोंदवल्या जाव्यात. यांतली तिसरी नोंद सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत महत्त्वाचीही. उपसा केंद्र कोरडे राहिले तरी त्याला वीज देणारे उपकेंद्र बुडाले तर नळाला पाणी येणार नाही, आणि पाणी, वीज व रस्ता वेगवेगळ्या खात्यांकडे असल्याने ही साखळी कुणा एकाच्या कागदावर पूर्ण उतरत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये काळम्मावाडी धरणातून आणलेल्या थेट पाइपलाइनचे पाणी शहरात आले, याचा आम्हाला आनंदच आहे, पण तिचे पंपही विजेवरच चालतात. त्यामुळे ५५ फुटांना त्या पंपांची वीज टिकेल का, हे आज कुणीतरी तपासून लिहून ठेवले पाहिजे.

धोका पातळीचा अर्थही यातून नेमका होईल. सखल भागातल्या सुतारवाड्यातल्या कुटुंबाचा धोका आणि महामार्गाचा धोका एकाच फुटाला सुरू होत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक आहे, त्याच आढाव्यात या नोंदी बसू शकतात. आपत्तींची जोखीम कमी करण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या सेंदाई आराखड्यात आपल्या देशाने मूलभूत सेवा खंडित होण्याचे प्रमाण २०३०पर्यंत कमी करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले आहे, आणि आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी भारतानेच सप्टेंबर २०१९मध्ये, म्हणजे आमच्या पुरानंतर सुमारे दीड महिन्यात, जाहीर केली. ते उद्दिष्ट गाठले की नाही हे ठरवायलाही आधी शहरागणिक आकडे हाती असावे लागतील.

मोजमाप मात्र कागदोपत्री नको. मे महिन्यात एक दिवस मुख्य वीजपुरवठा बंद ठेवून केंद्रे पर्यायी विजेवर प्रत्यक्ष चालवून पाहावीत. नोंदी शिवाजी विद्यापीठासारख्या त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्याव्यात आणि पंचगंगेच्या पातळीशेजारीच वृत्तपत्रांत छापाव्यात. सुरुवात शिंगणापूर केंद्रापासून व्हावी आणि त्याचा आकडा येत्या १ जूनपूर्वी आम्हाला कळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
कोल्हापूरचा एक रहिवासी