माउथपीस मागवण्याआधी : नानास पत्र

अमळनेर,
दि. १२ जुलै

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "तुझं ते माउथपीस मलाही एक मागवून दे, घरातले सगळे माझ्या घोरण्याला कंटाळलेत." तेव्हा आजूबाजूला मंडळी होती म्हणून मी विषय वाढवला नाही, पण होकारही दिला नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. घोरणे कमी व्हावे म्हणून रात्री दातांवर बसवायचे ते माउथपीस मागवून देणे दोन मिनिटांचे काम आहे. तरीही मी ते करणार नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वैशाखात तुझ्या पुतणीच्या लग्नाला सावद्याला आलो होतो, तेव्हा उकाड्यामुळे आपण सारे गच्चीवर झोपलो होतो आणि माझी खाट तुझ्या खाटेला लागूनच होती. तुझे घोरणे मला शाळेच्या सहलीपासून ठाऊक आहे. त्या रात्री मात्र मला जाग आली ती घोरणे अचानक थांबल्यामुळे. चांदण्यात तुझी छाती हलताना दिसत होती, पोट आत ओढले जात होते, पण नाकातोंडातून श्वास चालू असल्याची काहीच चाहूल नव्हती. मी मनात आकडे मोजू लागलो. बावीसपर्यंत पोहोचलो, तेव्हा तू मोठा आचका देऊन श्वास घेतलास, कूस बदललीस आणि पुन्हा घोरू लागलास. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पहाटेपर्यंत माझा डोळा लागला नाही. सकाळी चहा घेताना तू "मस्त झोप झाली" म्हणालास, आणि अकराच्या सुमारास मांडवात खुर्चीवर बसल्या बसल्या तुझी मान कलंडली होती.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, उताणे झोपल्यावर जीभ मागे सरकते, आणि त्या अरुंद झालेल्या वाटेतून हवा जाताना मऊ टाळू व पडजीभ थरथरतात. तो आवाज म्हणजे घोरणे. ही वाट अरुंद न राहता पूर्ण मिटली, तर श्वासच अडतो. असा अडथळा दहा सेकंद किंवा त्याहून अधिक टिकला की डॉक्टर तो मोजणीत धरतात, आणि श्वास पूर्ण अडण्याचे व अर्धवट कोंडण्याचे प्रसंग मिळून तासाला किती होतात यावरून आजाराची पायरी ठरते : पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. यालाच स्लीप एप्निया म्हणतात. प्रत्येक वेळी मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो, पण झोपणाऱ्याला त्याची आठवण राहत नाही.

आता माझे सांगतो. मीही आधी तुझ्यासारखाच घाईने ऑनलाइन एक माउथपीस मागवला होता. गरम पाण्यात मऊ करून दातांखाली चावायचा आणि त्यावर दातांचा ठसा उमटवायचा, असा तो प्रकार होता. तो मध्यरात्री तोंडातून निसटायचा आणि सकाळी कानापुढचा जबड्याचा सांधा ठणकायचा. आवाज निम्म्यावर आला म्हणून सौ. समाधानी होती, मला मात्र दुपारी दुकानात बिल लिहिताना पूर्वीसारखीच पेंग येत होती. शेवटी जळगावला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका रात्रीसाठी यंत्र दिले : बोटाला चिमटा, छातीला पट्टा आणि नाकाशी बारीक नळी. माझा आकडा तासाला अकरा निघाला, म्हणजे सौम्य. त्यानंतर दंतवैद्यांनी दोन्ही जबड्यांचे माप घेऊन माउथपीस बनवून घेतले.

त्याचे काम साधे आहे. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवते, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशातील वाट मोकळी राहते. त्याला बारीक स्क्रू आहे. किल्लीने एक फेरा दिला की जबडा पाव मिलिमीटर पुढे सरकतो. हे आठवड्या-आठवड्याने, जबड्याला सोसवेल तसे करायचे असते. पहिले पंधरा दिवस उशी लाळेने भिजत होती, आणि सकाळी मागच्या दाढा एकमेकींना टेकतच नसत. कळण्याची भाकरी चावताना ते फार जाणवे. हळूहळू ते कमी झाले, तरी वर्षानुवर्षांच्या वापराने दात किंचित सरकू शकतात, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो. दोन महिन्यांनी माउथपीस लावूनच पुन्हा रात्रीची तपासणी केली, तेव्हा आकडा चारवर आला होता. आवाज कमी होऊनही श्वास अडत राहू शकतो, म्हणून ही दुसरी तपासणी पहिलीइतकीच मोलाची आहे असे मला अनुभवाने वाटते.

तुझी गोष्ट माझ्याहून वेगळी आहे. तुझ्या खालच्या तीन दाढा काढलेल्या आहेत, तंबाखूने हिरड्या सैल झाल्या आहेत, आणि माउथपीसचा सगळा भार दातांवरच असतो. हलत्या दातांना तो ओढ बसवेल. रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेऊनही तुझा दाब आटोक्यात येत नाही, आणि स्लीप एप्नियात असे बऱ्याचदा घडते. या सगळ्याहून मला धास्ती आहे ती तुझ्या पिकअपची. केळी घेऊन बऱ्हाणपूरला जाताना रावेरच्या पुढे तुझा डोळा लागला आणि चाक साइडपट्टीवर उतरले, हे वहिनींनी मला सांगितले. तू सांगितले नाहीस, याचे मला वाईट वाटले.

तुझा आकडा मोठा निघाला, तर डॉक्टर बहुधा सीपॅपचे नाव काढतील. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी पुढे आणलेली ही पद्धत आहे : मास्कमधून मंद दाबाची हवा सोडून घशाची वाट मिटू द्यायची नाही. तोंडावर मास्क लावून कसे झोपायचे, असे तू म्हणशील. पहिले काही दिवस जड जाते हे खरे, पण तीव्र आजारात तो माउथपीसपेक्षा अधिक खात्रीचा उपाय आहे. तंबाखू आणि रात्रीचे पिणे मात्र आजपासूनच सोड. दारूने घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात. कुशीवर झोपण्याची सवयही लावून घे.

येत्या गुरुवारी मी सकाळच्या गाडीने जळगावला येतो. तू स्टेशनवर भेट, आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ. वहिनींना सोबत आण, कारण रात्री नेमके काय होते ते त्याच सांगू शकतील. गोळ्यांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट पिशवीत घे. तोवर बऱ्हाणपूरची फेरी पुतण्याला करू दे. तू रात्री स्टिअरिंगवर बसू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
आबा