मशीनच्या खोलीतल्या ताईंना

प्रिय ताई,

माझ्या टीएमएसची, म्हणजे डोक्याशी चुंबक धरून मेंदूवर करायच्या उपचाराची, शेवटची सिटिंग झाली त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात. आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण माझ्यासारखे दोन दारांत हेलपाटे घालणारे पुष्कळ असणार.

नऊ वर्षं मी ते हेलपाटे घातले. व्यसनमुक्तीसाठी गेलो की सांगायचे, तुम्हाला डिप्रेशन आहे, आधी त्याचं बघून या. मानसोपचाराला गेलो की ऐकायचो, आधी दारू थांबवा, तोवर गोळ्या काय काम करणार? दोघांचं म्हणणं अर्धं अर्धं खरं होतं. पण माझ्या आत ते दोन आजार वेगळे राहत नव्हते. जीव नकोसा झाला की प्यायचो, प्यायलो की दुसऱ्या दिवशी जीव आणखी नकोसा व्हायचा. यातलं आधी कोणतं सोडू, हे मला कधीच कळलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोन्ही एकाच कागदावर लिहिलं आणि दोन्हींवर एकदमच उपचार करायचे म्हणाले, तेव्हा मी बाहेर येऊन जिन्यात बराच वेळ बसून राहिलो होतो.

पहिल्या दिवशी माझी बायको तुम्हाला घाबरत घाबरत विचारत होती, "शॉक देणार का?" तिला तुम्ही खुर्ची दिलीत आणि नीट समजावलंत. शॉकच्या उपचारात भूल देतात आणि मेंदूत मुद्दाम फिट आणतात. तोही उपचार चांगलाच, पण तो वेगळा. इथे माणूस जागा असतो, भूल नाही, आणि फिट येऊ नये याचीच काळजी घेतात. कॉइलमधून, म्हणजे डोक्याशी धरायच्या तारेच्या वेटोळ्यातून, वीज सोडली की क्षणभर चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आत जातं आणि खालच्या पेशींमध्ये बारीकसा प्रवाह उठवतं. दोन-तीन सेंटीमीटरच्या पलीकडे त्याचा जोर राहत नाही.

मग तुम्ही माझा उजवा हात मांडीवर सैल ठेवायला सांगितलात आणि डोक्याच्या डाव्या बाजूला कॉइल धरलीत. टक्. काही नाही. जरा सरकवलीत, जोर वाढवलात. टक्. आणि माझा अंगठा उडाला. मी हलवला नव्हता! कुणी शिवलंही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "सापडलं." त्या जागेवरून कपाळाजवळची उपचाराची जागा ठरली आणि त्या जोरावरून माझा डोस. 1985 साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच चुंबक डोक्याशी धरून माणसाचा हात हलवला होता, हेही तुम्हीच सांगितलंत. इतकी वर्षं माझं मन म्हणजे माझा दुबळेपणा असं मी धरून चाललो होतो. तो उडालेला अंगठा बघून पहिल्यांदा वाटलं की मेंदू हाही एक अवयव आहे, त्याच्यावर उपचार होऊ शकतो.

नंतरचं सगळं ठरून गेलेलं. टोपीवर पेनाची खूण, कानात बोळे, चार सेकंद ठोके, सव्वीस सेकंद विश्रांती, एकूण साडेसदतीस मिनिटं. सेकंदाला दहा ठोके, म्हणजे एका बैठकीत तीन हजार. सुतारपक्षी कपाळावर बसल्यासारखं वाटायचं. पहिल्या आठवड्यात डावी भुवई ओढली जायची, डोळ्यातून पाणी यायचं, डोकंही दुखायचं. मी दात आवळून बसायचो, आणि मी काही बोलायच्या आधीच तुम्ही कॉइलचा कोन बदलायचात.

पण मला आभार मानायचे आहेत ते तुमच्या प्रश्नांचे. रोज टोपी घालताना तुम्ही विचारायचात: मन दहापैकी किती? तलफ दहापैकी किती? झोप किती तास? तिन्ही प्रश्न एका दमात, एकाच सुरात. त्या सुरात दारू हा गुन्हा नव्हता आणि उदासी हा आळस नव्हता. कपाळाच्या डाव्या बाजूची ती जागा, जी डिप्रेशनमध्ये मंदावते, तीच तलफेला आवर घालायच्या कामातही असते, असं डॉक्टर म्हणाले होते. मला ते पटलं ते तुमच्या वहीतले दोन आकडे शेजारी शेजारी बघून.

अकराव्या सिटिंगचा दिवस तुम्हाला आठवत असेल. आदल्या रात्री मी प्यायलो होतो. येताना ठरवलं होतं, सांगायचं नाही. तुम्ही झोपेचं विचारलंत आणि माझ्या तोंडून निघून गेलं. तुमचा हात बटणावर होता, तो तुम्ही बाजूला घेतलात. किती घेतली, शेवटचा घोट किती वाजता, हात थरथरतात का, एवढंच विचारलंत. मग सांगितलंत की पिणं अचानक तुटलं किंवा झोप झाली नाही तर फिट येण्याचा धोका वाढतो. एरवी तो हजारात एकापेक्षाही कमी असतो, पण अशा दिवशी तो पत्करायचा नाही. डॉक्टरांना बोलावलंत. त्या दिवशी मशीन लागलं नाही. निघताना म्हणालात, "खरं सांगितलंत, बरं झालं. उद्या डॉक्टर हो म्हणाले की तुमची वेळ तीच." नऊ वर्षांत पिऊन गेल्यावर मला कुणी दुसऱ्या दिवसाची वेळ दिली नव्हती.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी हा उपचार घेणार असेल, तर एवढं करा: पिण्याबद्दल, झोपेबद्दल, चालू असलेल्या प्रत्येक गोळीबद्दल खोटं बोलू नका. डोक्यात धातूची क्लिप, कानात बसवलेलं यंत्र, छातीत पेसमेकर, जे असेल ते सांगा. फॉर्म भरायचा म्हणून भरू नका.

आणि चुंबकाने दारू सुटते असं मी म्हणणार नाही, कारण तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. डिप्रेशनसाठी या उपचाराला अमेरिकेत 2008 मध्येच मान्यता मिळाली, सिगारेट सोडण्यासाठी त्याच्या एका प्रकाराला 2020 मध्ये. दारूच्या बाबतीत अजून अभ्यास चालू आहेत, कुणाला गुण येतो, कुणाला नाही. माझ्या गोळ्या चालूच आहेत, समुपदेशन चालू आहे, गुरुवारचा गटही चुकवत नाही. माझ्यात बदल काय झाला ते मात्र सांगतो. पूर्वी संध्याकाळी सहाला तलफ आली की ती पिईपर्यंत हटायची नाही. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती आली, मी कपडे वाळत घालत होतो, आणि बादली रिकामी झाली तेव्हा लक्षात आलं की ती निघून गेली आहे. ते मशीनमुळे, गोळ्यांमुळे की रोज दहाच्या ठोक्याला कुणीतरी माझी वाट बघत होतं म्हणून, हे मला वेगळं काढता येत नाही.

मधे दोनदा घसरलो. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. तीन महिन्यांनी तपासणीला यायचं आहे, तेव्हा भेटूच. तुमच्यासारखी वही मीही केली आहे. आज सकाळी: मन सहा, तलफ तीन, झोप साडेसहा तास.

तुमचा,
सकाळी दहाचा पेशंट