विषय निवडण्याआधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

आई म्हणाली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तू पूल नाहीतर मेट्रोचा विषय घेणार आहेस. सांडपाण्याचा विषय कुणी घेत नाही म्हणे. ठरवण्याआधी माझं ऐक.

विहार-पवई तलावांच्या ओव्हरफ्लोतून निघालेली मिठी नदी जवळपास १८ किलोमीटर नाले पोटात घेत आपल्या माहीमच्या खाडीत येते. तुझ्या आजीने याच खाडीत शिंपल्यातली कालवं फोडून घर चालवलं. आज मी तिथली कालवं घरात येऊ देत नाही. कालव पाणी गाळून जगतं. पाण्यात मैला असला की काविळीचे, जुलाबाचे जंतू त्याच्या अंगात साठतात. मैल्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मासा मरतो, नाहीतर दूर जातो. मग त्याच्यामागे जायला डिझेल जाळायचं आम्ही.

लोक झोपडपट्टीकडे बोट दाखवतात. तिथले कित्येक संडास मलवाहिनीला जोडलेले नाहीत, खरं आहे. पण त्याचा पहिला त्रास तिथल्याच लेकरांना, अंधारात बाहेर जावं लागणाऱ्या बायकांना. आणि टॉवरातला फ्लश कुठे जातो? वरळी आणि वांद्र्याच्या सांडपाणी केंद्रांत वर्षानुवर्षं फक्त कचरा आणि रेती काढून मैलापाणी तीन किलोमीटरहून आत दर्यात सोडलं. तिथेच आपली जाळी पडतात. हा हिशेब कुणी मांडत नाही, याचा मला फार राग येतो.

जानेवारी २०२३मध्ये मुंबईत सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन झालं, सगळी मिळून रोज सुमारे २४६ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्यासाठी. ती नीट चालवायला जाणती माणसं लागतील. प्रत्येक संडास त्यांच्यापर्यंत जोडावा लागेल, नाहीतर नाला तसाच वाहील. आणि साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी गुदमरून माणसं मरतात. तिथे यंत्र उतरवणं हे तुमच्या इंजिनिअरिंगचंच काम ना?

पूल बांधायला पुष्कळ जण आहेत, बाळा. या कामाला दर्यावर वाढलेला मुलगा हवा, असं मला मनापासून वाटतं. तरी निवड तुझी. फॉर्म भरण्याआधी फोन कर, रात्री नऊनंतर मी घरीच असतो. सुके बोंबील मावशीकडे दिलेत, ती पुण्याला येईल तेव्हा घे.

तुझे,
बाबा