पंचेचाळीस अंशांचे ऋण

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपल्या वाट्याला ‘प्रयोगशाळेतील साहाय्याबद्दल’ एवढीच अर्धी ओळ आली. ती मला अजून खटकते, म्हणून हे उघड पत्र.

स्ट्रॉन्शियम रुथेनेट या अतिवाहकाचा (फार थंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या पदार्थाचा) स्फटिक घेऊन, त्यातून दाबून पाहण्यासाठी पट्टी कापून घ्यायला मी आपल्याकडे आले, तेव्हा मला फार घाई होती. हा स्फटिक अभ्रकासारखा थरांत सुटतो, त्यामुळे त्याचा उभा अक्ष नुसत्या डोळ्यांनी सापडतो. आडव्या प्रतलात अणू चौरसांत मांडलेले असतात; त्या चौरसाच्या दिशा मात्र क्ष-किरणांच्या लाउए छायाचित्रावरून, म्हणजे स्फटिकावरून विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांवरून, ठरवाव्या लागतात. ठिपक्यांची ती नक्षी नव्वद अंशांत फिरवली तरी तशीच दिसते, आणि चौरसाच्या बाजूप्रमाणेच कर्णाच्या दोन्ही अंगांनाही ती सारखी असल्यामुळे नवखा माणूस तिथेच फसतो. मी कर्णालाच बाजू समजले होते. आपण करवत सुरू करण्याआधी भिंग उचलले आणि एवढेच विचारले, “बाई, ठिपके मोजलेत का?”

शिसे किंवा ॲल्युमिनियम असते, तर या चुकीने फारसे बिघडले नसते, कारण अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या करून वाहतात आणि तिथल्या जोडीला सगळ्या दिशा जवळपास सारख्याच. ताम्र-ऑक्साइडांच्या अतिवाहकांत मात्र जोडीच्या तरंगाचे चिन्ह दर नव्वद अंशांनी उलटते आणि नेमके कर्णावर ते शून्य होते. म्हणजे जोडीचा आकार स्फटिकाच्या चौरसाशी बांधलेला असतो. १९९४ मध्ये माएनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुथेनेटमध्ये सुमारे एक केल्विनला अतिवाहकता शोधली (शुद्ध स्फटिकांत ती सुमारे १.५ केल्विनला येते), तेव्हापासून तिथल्या जोडीच्या आकाराचा वाद चालू आहे. बराच काळ असे मानले जाई की, चौरसाच्या दोन दिशा समान असल्याने जोडीचेही दोन समान घटक आहेत. तसे असेल, तर बाजूने दाबून चौरसाचा आयत केल्यावर त्यांची बरोबरी मोडावी, आणि दाबावे किंवा ताणावे, दोन्हीकडे संक्रमण-तापमान (ज्याखाली अतिवाहकता येते ते तापमान) शून्य ताणापासून टोकदार व्ही अक्षरासारखे चढावे. २०१४ च्या मोजमापांत ते टोक दिसलेच नाही. २०१७ पर्यंत बाजूने दाबलेल्या स्फटिकाचे संक्रमण-तापमान ३.४ केल्विनपर्यंत चढले. कर्णाने दाबल्यास ते जेमतेम हलते. २०१९ मध्ये तर जुन्या चुंबकीय अनुनादाच्या प्रयोगांत रेडिओ-स्पंदांनी नमुनाच तापत होता, हे उघड झाले, आणि त्रिक-जोडीचा, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉनांची फिरकी एकाच दिशेला असलेल्या जोडीचा, मुख्य पुरावा ढासळला. (चुकांच्या बाबतीत मी एकटी नव्हते, हे वाचून थोडे बरे वाटले!)

आपण थांबवले नसते, तर मी कर्णाने कापलेली पट्टी महिनाभर दाबत बसले असते आणि ‘परिणाम नगण्य’ असे प्रामाणिकपणे लिहून मोकळी झाले असते. आपण दुसऱ्यांदा काढलेले छायाचित्र माझ्या वहीत चिकटवलेले आहे. त्यावर पेन्सिलीने ओढलेला बाण आणि शेजारी आपल्या अक्षरातले ‘इकडून काप’ अजून स्पष्ट वाचता येते.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी