शॉर्ट सेलिंगपेक्षा ऑप्शन्सना लगाम हवा

शॉर्ट सेलिंगवर, म्हणजे जवळ नसलेले शेअर आधी विकून नंतर स्वस्तात परत घेण्याच्या व्यवहारावर, सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारा लेख आपल्या अंकात वाचला. छोट्या गुंतवणूकदाराची काळजी रास्त आहे; पण हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. विकलेले शेअर खरेदीदाराला देण्याची सोय न करता ते विकायला सेबीची, म्हणजे बाजार नियामकाची, मनाई आहेच.

सामान्यांचा पैसा बुडतो तो फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर वा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरच्या मुदतीच्या करारांमध्ये. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता.

विसंगती पाहा. एप्रिल २०२५ पासून आलेल्या स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंडांना (म्युच्युअल फंडांच्या अधिक जोखमीच्या योजनांना) मर्यादित शॉर्ट पोझिशन, म्हणजे भाव पडण्यावरची पैज, घेता येते. व्यवस्थापक तज्ज्ञ असूनही तिथे सामान्य गुंतवणूकदाराला किमान १० लाख रुपये गुंतवावे लागतात. उलट ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्याउभ्या, एक्स्पायरीच्या (करार संपण्याच्या) दिवशी, १५ लाखांच्या कराराचा ऑप्शन हजार-दोन हजारांत घेता येतो. (घाटकोपर येईपर्यंत त्याची किंमत निम्मी होते, हे वेगळे!)

सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवली, ते योग्यच झाले. पण ब्रोकर उत्पन्नाचा पुरावा मागतात तो खात्यात फ्युचर्स-ऑप्शन्सची सोय सुरू करण्यापुरता. तोटा वार्षिक उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शापलीकडे गेला, की त्या वर्षापुरते नवे सौदे बंद व्हावेत, असा नियम सेबीने करावा.

– एक गुंतवणूकदार, नौपाडा, ठाणे