टिच बटणांच्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना,
शि. सा. न.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला फोनवर वाचून दाखवेल. ‘माझं नाव नको आणि गल्लीही नको, बाकी काय लिहायचं ते लिही,’ असं तुम्ही म्हणालात, तसंच करते आहे. मला मात्र हे पत्र चारचौघांत लिहायचं होतं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते तुमच्या त्या जिन्याखालच्या दुकानात झालं, पण त्याच्या बळावर मी इतकी वर्षं रस्त्यावरून चालते आहे.

२०१९ चा मे महिना. जूनमध्ये पुण्यात समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांचा अभिमान मोर्चा होता. मी खादीचा पांढरा कुर्ता आणि एक कागद घेऊन आले होते. कागदावर रंगीत पेन्सिलींनी सहा रेघा ओढलेल्या. ऑफिसात कार्यक्रम आहे, असं मी खोटंच सांगितलं. तुम्ही चष्मा वर सरकवून रेघांवर बोट ठेवत मोजायला लागलात. ता, ना, पि, हि, नि... आणि थांबलात. ‘पारवा राहिला की गं! तानापिहिनिपाजा शाळेत शिकवलं नाही का तुला?’

‘यात सहाच असतात, काकू.’

‘कशात?’

‘आमच्या झेंड्यात.’

आमच्या म्हणजे कुणाच्या, हे तुम्ही विचारलंत आणि मी सांगून टाकलं. मला बाई आवडते, मी तिच्याबरोबर राहते, हे पुण्यात मैत्रिणींच्या बाहेर पहिल्यांदा मी तुमच्यासमोर बोलले. फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग, त्यावर झोपलेलं मांजर आणि वर गरगरणारा पंखा, सगळं अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही कागद पुन्हा हातात घेतलात आणि म्हणालात, ‘पट्टा किती रुंद ठेवू?’

काकू, तुम्हाला हा प्रश्न साधा वाटला असेल. मी मात्र त्याच्याआधी सात-आठ वर्षं लपवण्यात घालवली होती. ११ डिसेंबर २०११ ला पुण्यात पहिला मोर्चा निघाला तेव्हा मी कॉलेजात होते. रस्त्यापलीकडे, बसची वाट बघतेय असं दाखवत उभी राहिले आणि घरी गेले. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला पुन्हा गुन्हेगार ठरवलं. मग ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधला आमच्यावरचा भाग रद्द केला. त्या संध्याकाळी मी सहा रंगांची मनगटपट्टी विकत घेतली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण बाह्यांच्या शर्टाखाली घालून ऑफिसला गेले. गुन्हा पुसला गेला होता, पण बाही वर करायला हात धजत नव्हता.

म्हणून तुम्हाला विचारलं, पट्टा काढता येईल का. आई कराडहून कधीही येते, घरमालक वर राहतात, रात्री बसने परतायचं असतं, अशी कारणं मी भराभर सांगत सुटले. तुम्ही मध्येच थांबवलंत. ‘टिच बटणं लावते. सहा लावली की वाऱ्याने उडायचा नाही, आणि काढायचा तेव्हा एका हाताने निघेल.’ मग तुकड्यांचं गाठोडं सोडलंत. तांबडा दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या ब्लाउजपीसचा. पिवळा कुणाच्या तरी हळदीच्या परकराचा. हिरवा एका डोहाळजेवणाच्या साडीतला. जांभळा मिळेना, तेव्हा स्वतःच्या जुन्या ब्लाउजची बाही कापलीत. आमच्या पेठेतल्या किती बायका त्या पट्ट्यात आहेत आणि त्यांना पत्ताही नाही!

पट्टा शिवताना तुम्ही विचारत होतात आणि मी सांगत होते. हा झेंडा पहिल्यांदा फडकला २५ जून १९७८ ला, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. गिल्बर्ट बेकर नावाच्या माणसाने, स्वतः शिलाई शिकलेल्या माणसाने, मित्रमैत्रिणींना जमवून तो बनवला. सुती कापड हाताने रंगवलं, तेही कचऱ्याच्या मोठ्या डब्यांत रंग कालवून. तुम्ही लगेच विचारलंत, ‘मीठ घातलं होतं का? मिठाशिवाय रंग धरत नाही.’ मी घरी जाऊन शोधलं. घातलं होतं, काकू. तेव्हा पट्टे आठ होते. गडद गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो रंग गळला, पुढच्या वर्षी आणखी एक गेला आणि सहा राहिले. त्यावर तुमचं उत्तर, ‘राणी रंग मिळत नाही? तुळशीबागेत यायचं होतं!’ मी इतकी हसले की मांजर उठून गेलं.

मोर्चाच्या दिवशी संभाजी बागेपाशी मी पट्टा लावला. टच, टच, सहा वेळा. सगळा मोर्चा चालले, घोषणा दिल्या, घसा बसवला. संध्याकाळी डेक्कनच्या स्टॉपवर बस दिसली तेव्हा पट्टा काढला, गुंडाळून पर्समध्ये ठेवला. आमच्यातलेच काही म्हणतात की असं काढून ठेवणं म्हणजे भ्याडपणा. मला ते पटत नाही. वसतिगृहात राहणारी, मामाच्या घरी राहून शिकणारी, नोकरी टिकवून धरलेली माणसं कितीतरी आहेत. काढायची सोय नसती तर मी तो पट्टा लावलाच नसता.

हळूहळू मी तो बसमध्येही लावून बसायला लागले. तेव्हा कळलं की बहुतेकांना त्यात काहीच दिसत नाही. भाजीवाल्या मावशी विचारतात, ‘लेस कुठून आणली?’ ज्याला कळायचं त्यालाच कळतं. एकदा एक कॉलेजातली मुलगी स्वारगेटपर्यंत माझ्याकडे बघत होती. उतरताना ‘ताई, छान आहे’ इतकंच बोलली, आणि तिचा आवाज कापत होता. रस्त्यापलीकडे उभी असताना मी कुणाला तरी हेच म्हणायला हवं होतं.

मग ऑफिसातल्या एकाने विचारलं, ‘असेल तुमचं काय ते, पण अंगावर मिरवायची काय गरज आहे?’ मी गप्प बसले आणि तुमच्याकडे येऊन रडले. त्या दिवशी तुम्ही मशीन बंद केलंत. काका गेले तेव्हाची गोष्ट सांगितलीत. मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, बांगड्या फोडल्या, सगळं दुसऱ्यांनी. टिकली मात्र तुम्ही लावत राहिलात. ‘मलाही हेच विचारलं होतं गं. आता कुणाला दाखवायचीय?’ आपण दोघी बराच वेळ गप्प होतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्या बातमीचं कात्रण तुम्ही मापाच्या वहीत ठेवलेलं दाखवलंत. लग्न झालेली बाई ते गळ्यात, पायात, कपाळावर सांगत फिरते, त्याला कुणी मिरवणं म्हणत नाही. काय घालायचं आणि काय काढायचं हे दुसऱ्याने ठरवलं की कसं वाटतं ते तुम्हाला माझ्या कितीतरी आधी माहीत होतं. म्हणूनच त्या पहिल्या दिवशी तुम्ही फक्त रुंदी विचारलीत, असं मला आता वाटतं.

१७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल तुम्ही टीव्हीवर पाहिलात. पाच न्यायमूर्तींनी आम्हाला लग्नाचा हक्क देण्यास नकार दिला. आम्ही दोघी त्या दिवशी जेवलो नाही. आठवड्याने मी कुर्ता घेऊन आले आणि म्हटलं, काकू, बटणं काढा, पट्टा कायमचा शिवून टाका. हातात कागद येत नसेल तर अंगावरचं तरी पक्कं राहू दे.

तुम्ही शिवलात, पण बटणं काढली नाहीत. ‘राहू दे खाली. कुणाला दिसत नाहीत, कपड्याला जड होत नाहीत. रागात मारलेली शिलाई घट्ट बसते, उसवताना कापड फाटतं.’ म्हणून मशीनऐवजी हाताने लांब टाके घातलेत. घरी आल्यावर उजेडात बघितलं तर दोरा पारवा होता. सहा रंगांत नसलेला सातवा तुम्ही टाक्यांत घातला होतात, आणि मला सांगितलंही नव्हतंत.

त्या दिवाळीला आई आली. मी टाके उसवले नाहीत. तिने पट्ट्यावरून हात फिरवला आणि शिलाई कुणी केली, हात चांगला आहे, एवढंच म्हणाली. बाकीचं बोलणं अजून व्हायचंय.

त्या टाक्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, पुढच्या वेळी बघू म्हणालात. परवा धुताना पिवळ्याची एक बाजू सुटली आहे. शनिवारी दुपारी येते, जिच्याबरोबर राहते तिलाही घेऊन येते. तिला कुर्त्याचं माप द्यायचंय आणि तिला टिच बटणंच हवी आहेत.

तुमची,
पांढऱ्या कुर्त्याची मुलगी